कापलेला कोपरा : दोन नौदलांचे दोन कागद

१/
माझ्या टेबलावर आज दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले आहेत. एक आहे तळहातात मावणारी, जाड वेष्टनाची छोटी पुस्तिका : सोव्हिएत नौदलातील एका अधिकाऱ्याचे ओळखपत्र. दुसरा आहे ब्रिटिश राजवटीतील 'रॉयल इंडियन नेव्ही'मधल्या एका मराठी नाविकाच्या सेवा-दाखल्याची छायाप्रत. पुस्तिका मूळ आहे. दाखल्याची मात्र माझ्याकडे केवळ प्रत उरली आहे. मूळ दाखला काही महिने माझ्या संग्रहात होता. तो आता का नाही, हे सांगण्यासाठी आजचा हा धागा. जाता जाता जुने ओळखपत्र वाचायचे कसे, हेही पाहू.

२/
पुण्याला समुद्र नाही, तरी समुद्राचे कागद या शहरात पुष्कळ आहेत. पेशवे दफ्तरात आंग्र्यांच्या आरमाराची प्रकरणे आहेत. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून दरवर्षी नौदलाचे छात्र बाहेर पडतात. लोणावळ्याला, म्हणजे पुणे जिल्ह्यातच, १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झालेली 'शिवाजी' ही नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था आहे. माझे मामा तिथेच शिकले. साठच्या दशकाच्या अखेरीस ते प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघात गेले आणि परत आले ते दोन-चार रशियन वाक्ये, एक तारा कोरलेला बिल्ला आणि असंख्य गोष्टी घेऊन.

३/
तो काळ आपल्या नौदलाच्या इतिहासातला वळणाचा होता. भारताची पहिली पाणबुडी 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ रोजी बाल्टिक किनाऱ्यावरच्या रिगा बंदरात नौदलात दाखल झाली. रिगा तेव्हा सोव्हिएत संघात होते, आज ते लाटव्हियाची राजधानी आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या क्षेपणास्त्र नौकाही सोव्हिएत बनावटीच्याच. त्यांच्या खलाशांनी आधी रशियन भाषा शिकली, मग यंत्रे. मामा सांगत, "गोदीच्या फाटकावर त्यांचा कप्तान असो वा कोवळा लेफ्टनंट, खिशातून ती छोटी वही काढल्यावाचून पहारेकरी कोणालाही आत सोडत नसे." ती 'छोटी वही' माझ्या डोक्यात घर करून राहिली.

४/
पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका नाणे-तिकीट प्रदर्शनात ती वही प्रत्यक्ष समोर आली. एका संग्राहकाने रशियन बिल्ल्यांच्या पेटीत ती ठेवली होती. मी घासाघीस न करता घेतली. तिच्यावर रशियन अक्षरांत 'उदोस्तोवेरेनिये लीच्नोस्ती' असे छापले आहे. शब्दशः अर्थ, व्यक्तीची ओळख पटवणारा दाखला. आत मालिकेची अक्षरे, क्रमांक, छायाचित्र, हुद्द्यांच्या नोंदी, नेमणुकांच्या नोंदी आणि प्रत्येक नोंदीखाली अधिकाऱ्याची सही व गोल शिक्का.

५/
पुस्तिका उघडताच मराठी माणसाला एक सुखद धक्का बसतो. रशियन नावाचे तीन भाग असतात : स्वतःचे नाव, वडिलांच्या नावावरून आलेले नाव आणि आडनाव. मधल्या भागाला ते 'ओत्चेस्त्वो' म्हणतात. सरकारी कागदावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखेच! इंग्रजी कागदपत्रांना मधले नाव नेहमीच अडचणीचे वाटते. रशियन कागदाला ते अडचणीचे वाटत नाही. त्या अनोळखी अधिकाऱ्याचे वडील कोण होते, हे पहिल्या ओळीतच मला कळले.

६/
आता हुद्दे. सोव्हिएत नौदलात लेफ्टनंटच्या वर 'स्टार्शी' म्हणजे ज्येष्ठ लेफ्टनंट, त्याच्या वर कॅप्टन-लेफ्टनंट, आणि मग तिसऱ्या, दुसऱ्या व पहिल्या श्रेणीचा कॅप्टन. नवखा वाचक येथे हमखास चुकतो. आकडा जितका लहान, तितका हुद्दा मोठा. आपल्या नौदलातील लेफ्टनंट कमांडरच्या तोडीचा अधिकारी तिकडे 'तिसऱ्या श्रेणीचा कॅप्टन'. माझ्या पुस्तिकेतला माणूस लेफ्टनंट म्हणून आरंभ करतो आणि तिसऱ्या श्रेणीपर्यंत पोहोचतो. मधल्या वर्षांचे त्याचे आयुष्य पाच-सहा ओळींत आणि तितक्याच शिक्क्यांत मावले आहे.

७/
खरा-खोटा कागद ओळखायला या पुस्तिकांनीच मला शिकवले, आणि त्यासाठी राजकीय इतिहास लागतो. १९१७ च्या क्रांतीनंतर बोल्शेविकांनी झारच्या सैन्यातले सगळे हुद्दे रद्द केले. 'अधिकारी' हा शब्दही जुन्या राजवटीचा म्हणून बाद झाला. व्यक्तिगत हुद्दे १९३५ मध्ये परत आले. खांद्यावरच्या पट्ट्या मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन मध्यात आल्या : जानेवारी १९४३ मध्ये भूदलाला आणि फेब्रुवारीत नौदलाला. 'अधिकारी' हा शब्दही त्याच सुमारास पुन्हा रूढ झाला. म्हणून १९४० ची नोंद आणि खांद्यावर पट्ट्या असलेले छायाचित्र एकाच कागदावर दिसले, तर काहीतरी बनाव आहे किंवा छायाचित्र नंतर बदलले आहे.

८/
आणखी काही कसोट्या. छायाचित्रावरचा शिक्का अर्धा छायाचित्रावर आणि अर्धा कागदावर हवा, आणि दोन्ही अर्धे जुळायला हवेत. दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात असतील तर सावध व्हावे. खऱ्या नोकरीत माणसाची बदली होते, कारकून बदलतो, दौतही बदलते. युद्धकाळातील सोव्हिएत कागदांविषयी एक प्रसिद्ध आख्यायिका आहे : जर्मन हेरखात्याने बनवलेल्या खोट्या पुस्तिका इतक्या उत्तम होत्या की त्यांच्या टाचण्याही न गंजणाऱ्या पोलादाच्या होत्या, खऱ्या सोव्हिएत पुस्तिकेच्या साध्या लोखंडी टाचणीने मात्र कागदावर गंजाचा डाग सोडलेला असे. हेर पकडले गेले ते त्या स्वच्छतेमुळे. गोष्ट किती खरी कोण जाणे, पण संग्राहक आजही प्रथम टाचणीच पाहतो.

९/
इतके सगळे शिकत असताना एक साधा प्रश्न मी कित्येक वर्षे विचारलाच नव्हता. हा कागद माझ्यापर्यंत आला कसा? अधिकाऱ्याचे ओळखपत्र ही त्याची खाजगी मालमत्ता नसते. सेवा संपली की ते लष्करी कार्यालयात परत करायचे आणि बदल्यात राखीव दलाची पुस्तिका घ्यायची, असा नियम. म्हणजे नियमाप्रमाणे सगळे घडले असते, तर ही वही बाजारात यायलाच नको होती. ती बाहेर राहिली, याचा अर्थ कोठेतरी नियम मोडला, माणूस दगावला, वही हरवली किंवा राज्यच कोसळले.

१०/
राज्य खरोखरच कोसळले होते. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला. सेव्हास्तोपोलच्या बंदरात उभ्या असलेल्या काळ्या समुद्राच्या ताफ्याचे मालक कोण, रशिया की युक्रेन, हा वाद १९९७ च्या करारापर्यंत चालला. मधल्या काळात तिथल्या अधिकाऱ्याच्या खिशात जे ओळखपत्र होते, ते देणारा देश नकाशावर नव्हता. निष्ठेची शपथ कोणाला द्यायची हा प्रश्न घराघरांत होता. पगार थकले होते. मॉस्कोच्या इझ्माइलोवो बाजारात त्या वर्षांत गणवेश, पदके, टोप्या, कागद, सारेच विक्रीला आले. जगभरच्या संग्राहकांना ते सुगीचे दिवस वाटले. विकणाऱ्यांना ते कसे वाटले असतील, याचा विचार आम्ही केला नाही.

११/
पुढे कळले की रशियाच्या फौजदारी संहितेत यासाठी स्वतंत्र कलम आहे. कलम ३२४ : अधिकृत दस्तऐवज आणि शासकीय पदके यांची बेकायदा खरेदी-विक्री हा गुन्हा. आपल्याकडे १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित वा दस्तऐवज ७५ वर्षांचे झाले की 'पुरावशेष' ठरू शकतात, आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाहीत. इतर वस्तूंसाठी ही मर्यादा १०० वर्षांची आहे. हिशेब करून पाहा : १९४६ चा कागद २०२१ मध्येच या उंबरठ्यावर येऊन पोहोचला. रशियन कलम वाचल्यानंतर मी ओळखपत्रे विकत घेणे थांबवले. माझ्या संग्रहात ती एकच वही राहिली. पण दुसरा कागद मी विकत घ्यायला गेलोच नव्हतो. तो आपल्या पायांनी आला.

१२/
मंगळवार पेठेतला जुना बाजार पुणेकरांना सांगायला नको. बुधवारी आणि रविवारी तिथे गंजलेल्या कुलपांपासून ग्रामोफोनच्या तबकड्यांपर्यंत काहीही मिळते. एका रविवारी मी तिथे जुनी पंचांगे पाहत होतो. सुतळीने बांधलेल्या एका गठ्ठ्यात सत्तरच्या दशकातली दोन पंचांगे दिसली. "सुटे नाही देत साहेब, गठ्ठाच न्या," विक्रेता म्हणाला. दीडशे रुपयांत गठ्ठा घेतला. घरी सुतळी सोडली तेव्हा पंचांगांखाली विजेची बिले, मनीऑर्डरच्या पावत्या, एक शाळा सोडल्याचा दाखला आणि चौघडी घातलेला एक जाड, पिवळा पडलेला इंग्रजी छापील कागद निघाला. वरच्या बाजूला शाही मुकुट आणि खाली 'रॉयल इंडियन नेव्ही'.

१३/
तो नाविकाचा सेवा-दाखला होता. सोव्हिएत वहीवर छायाचित्र होते, या कागदावर नव्हते. त्याऐवजी माणसाचे शब्दचित्र होते. उंची फूट-इंचांत, डोळ्यांचा रंग, डाव्या भुवईवरचा व्रण. जन्मगाव रत्नागिरी जिल्ह्यातले. त्या काळचा रत्नागिरी जिल्हा थेट सावंतवाडीच्या सीमेला भिडत होता. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि तो तालुका आज तिकडे गेला आहे. त्याखाली रकाने : नौकेचे वा आस्थापनेचे नाव, पद, केव्हापासून, केव्हापर्यंत. एका ओळीत 'शिवाजी', लोणावळा. जिथे पुढे माझे मामा शिकले, तिथेच हा माणूस १९४५ मध्ये होता. शेवटच्या ओळीत 'तलवार', मुंबई. सेवासमाप्ती १९४६ च्या उन्हाळ्यात. सेवासमाप्तीच्या कारणाचा रकाना ओल लागून पुसला गेला होता. आणि कागदाचा एक कोपरा नव्हता.

१४/
'तलवार' आणि १९४६ हे दोन शब्द एकत्र दिसले की इतिहासाच्या विद्यार्थ्याचे श्वास जलद होतात. 'तलवार' ही कुलाब्याची संदेशवहन प्रशिक्षण संस्था. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध १८ फेब्रुवारी १९४६ रोजी तिथल्या नाविकांनी अन्न नाकारले. बघता बघता ७८ नौका, २० किनारी आस्थापना आणि सुमारे २० हजार नाविक संपात उतरले. मुंबईतल्या कामगारांनी त्यांच्यासाठी हरताळ पाळला; रस्त्यांवर झालेल्या गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मारले गेले. सरदार पटेल आणि जिना यांच्या सल्ल्यावरून २३ फेब्रुवारीला नाविकांनी शरणागती पत्करली. सूड घेतला जाणार नाही, असा भरवसा त्यांना मिळाला होता. प्रत्यक्षात अनेकांना मुलुंडच्या छावणीत डांबले गेले आणि शेकडोंना नोकरी गमवावी लागली.

१५/
पण केवळ तारखेवरून निष्कर्ष काढणे, ही आपल्या छंदातली सर्वांत मोठी चूक. महायुद्धात भारतीय नौदल अनेक पटींनी वाढले होते. युद्ध संपल्यावर हजारो नाविकांना निव्वळ गरज संपली म्हणून घरी पाठवण्यात आले, आणि तेही १९४६ मध्येच. 'तलवार'वर असणे म्हणजे उठावात असणे नव्हे. मी कागद भिंगाखाली धरला आणि नजर त्या नसलेल्या कोपऱ्यावर स्थिरावली. आधी वाटले, उंदरांनी खाल्ला असेल. पण उंदीर कुरतडतो तेव्हा कड दातेरी होते. ही कड सरळ, तिरपी आणि धारदार होती. कापल्या जागी कागद बाकीच्या कागदाइतकाच पिवळा पडला होता. म्हणजे काप जुना होता, बहुधा कागदाइतकाच जुना.

१६/
ब्रिटिश नौदलाच्या सेवा-दाखल्यावर एक छापील सूचना असे : नाविकाला वाईट वर्तणुकीच्या शेऱ्यासह वा बेअब्रू करून काढले, तर दाखल्याचा ठरलेला कोपरा कापून टाकावा. भारतीय नौदलाचे कागद त्याच वळणाचे. या शिक्षेची योजना पाहा. नोकरी मागायला गेलेल्या माणसाला तोंडही उघडावे लागू नये. समोरच्या साहेबाने कागद हातात घेताच बोटांना कोपरा लागला नाही की उत्तर मिळावे. वाचता न येणाऱ्यालाही वाचता येईल असा तो शेरा. साम्राज्याने त्या माणसाविषयीचे आपले मत शाईने नव्हे, कात्रीने लिहिले होते.

१७/
त्या आठवड्यात मी हा कागद एका जाणकार संग्राहकाला दाखवला. त्याने जागच्या जागी मी दिलेल्या रकमेच्या शंभरपटीहून अधिक किंमत देऊ केली. "फक्त खाली लिहून द्या, 'नाविक उठावातील सैनिकाचा दाखला'," तो म्हणाला. खोटे बोलायला नको म्हणून मी संकोचलो, असे म्हणायला मला आवडले असते. खरे तर मी दोन दिवस विचार करत होतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा गठ्ठा उघडला आणि मनीऑर्डरच्या पावत्या तारखेप्रमाणे लावल्या. पाठवणाऱ्याचा पत्ता पुण्यातला, घेणाऱ्याचा त्याच कोकणातल्या गावचा. आडनाव दाखल्यावरचेच.

१८/
मे महिन्यात मी त्या गावी गेलो. घर बंद होते. शेजारच्या आजींनी अंगणातूनच विचारले, "कोण रे तू? कोणाकडे आलायस?" मी सांगितले. त्या हसल्या. "त्यांचा मुलगा पुण्यालाच असतो की! गणपतीला येतो." ज्याला शोधायला मी दोन घाट उतरलो होतो, तो माणूस माझ्या घरापासून पाच किलोमीटरवर राहत होता. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. घर बदलताना जुनी ट्रंक रद्दीवाल्याला दिली, हे त्यांना आठवत होते. ट्रंकेच्या तळाशी काय आहे, हे त्यांनी पाहिले नव्हते.

१९/
"आबा नौदलात होते, एवढे आम्हाला ठाऊक," ते म्हणाले. "विचारले की म्हणायचे, लढाई संपली, घरी पाठवले. मग पुण्यात येऊन त्यांनी गिरणीत, दुकानात, जमेल तिथे काम केले. सरकारी नोकरीसाठी कधी अर्ज केला नाही." थोडे थांबून त्यांनी पुढची गोष्ट सांगितली, आणि तिच्यासाठीच मी हा धागा लिहीत आहे. स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्र सरकारने १९७२ मध्ये निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली. १९८० मध्ये ती अधिक उदार केली. १९४६ चा नाविक उठाव त्या योजनेच्या यादीत आहे. मात्र त्यासाठी कागदी पुरावा लागतो. ऐंशीच्या दशकात कोणा स्नेह्याने आबांना अर्ज करायला सुचवले. ते म्हणाले, "माझ्याकडे कागद नाही."

२०/
कागद होता. ते ज्या खाटेवर बसून हे बोलले, तिच्याखालच्या ट्रंकेत होता.

२१/
मी त्यांना कोपऱ्याचा अर्थ सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्या तिरप्या कडेवरून अंगठा फिरवला. "म्हणजे हा उंदरांनी खाल्लेला नाही," एवढेच म्हणाले. मी घाईने पुस्ती जोडली : यावरून आबा उठावात होते हे सिद्ध होत नाही, कोपरा दुसऱ्या कारणानेही कापला जाऊ शकतो, कारणाचा रकाना पुसला गेला आहे. शक्यता मोठी आहे, पण शक्यतेला पुरावा म्हणता येत नाही. त्यांनी मान हलवली. माझे म्हणणे त्यांना पटले होते. पण ते एका निराळ्याच हिशेबात गुंतले होते. ज्या कापामुळे आबांचा हक्क कदाचित शाबित झाला असता, त्याच कापामुळे त्यांनी तो कागद चाळीस वर्षे कोणाला दाखवला नव्हता. एका राज्याने जी बेअब्रू ठरवली, तीच दुसऱ्या राज्याने सन्मान ठरवली. हा बदल आबांपर्यंत पोहोचला नाही, की पोहोचूनही त्यांना पटला नाही? हे विचारायला आता कोणी उरले नव्हते.

२२/
मी दाखला त्यांच्या हाती दिला आणि त्यांच्या परवानगीने एक छायाप्रत ठेवली. गठ्ठ्यातले बाकीचे कागदही परत केले. शाळा सोडल्याचा तो दाखला त्यांचा स्वतःचाच निघाला. तो पाहून मात्र ते मोकळेपणाने हसले. घरी आल्यावर मी सोव्हिएत वही पुन्हा उघडली. तिच्या एका पानावर कुटुंबाची नोंद आहे : पत्नीचे नाव, मुलीचे नाव आणि मुलीचे जन्मवर्ष. ते पान मी पूर्वी डझनभर वेळा पाहिले होते. शाई, शिक्का, हस्ताक्षर, सारे तपासले होते. ती मुलगी आज माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाची असेल, हा हिशेब मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

२३/
संग्रह करू नये, असे मी मुळीच म्हणत नाही. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून कागद गोळा केले नसते, तर 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड झाले नसते. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून जे जपत आले आहे, त्यातले किती तरी वाण्याच्या पुड्यांत गेले असते. संग्राहक नसता तर हा दाखलाही लगद्यात गेला असता. पण गोळा करणे हे अर्धेच काम आहे. कागद कोणाच्या घरातून आला आणि त्याचे ते घर अजून उभे आहे का, हे विचारणे उरलेले अर्धे.

२४/
म्हणून माझ्या तरुण मित्रांना पाच गोष्टी सांगतो.
एक : गठ्ठा फोडू नका. आबांच्या मुलापर्यंत मला दाखल्याने नेले नाही, मनीऑर्डरच्या पावतीने नेले.
दोन : कागद हाती आला त्याच दिवशी तारीख, जागा, विकणारा आणि किंमत वहीत लिहा. सहा महिन्यांनी आठवत नाही.
तीन : चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. तुटलेली कड दुरुस्त करू नका. कधी कधी तीच कड साक्षीदार असते.
चार : ओळखपत्राचे छायाचित्र प्रसिद्ध करायचे असेल, तर नाव आणि क्रमांक झाका. माणूस गेला तरी त्याचे नातलग असतात.
पाच : "हे किती जुने?" आणि "हे कितीचे?" यांच्या आधी विचारा, "हे कोणाचे?"

२५/
सोव्हिएत वही अजून माझ्याकडे आहे. ती विकायची नाही, इतके ठरले आहे. तिच्यासोबत एका पानावर मी ती कोठे, केव्हा, कोणाकडून घेतली ते लिहून ठेवले आहे, म्हणजे माझ्यानंतर ज्याच्या हाती येईल त्याला निदान एका टोकापासून शोध सुरू करता येईल.
आणि गेल्या महिन्यात त्या गृहस्थांचा फोन आला. फ्रेमच्या दुकानातूनच बोलत होते. "अहो, हा म्हणतो मागे पुठ्ठा लावून कोपरा पुरा करून देतो. करू का?"
मी म्हणालो, "काका, कोपरा तसाच राहू द्या."
"मीही त्याला तेच सांगितले," ते म्हणाले. "म्हटले, एकदा तुम्हाला विचारावे."

घरात जुनी ट्रंक असेल, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी तिचा तळ एकदा पाहून घ्या. लोभ असावा.